उघड्या मानेची पिल्लं

आमच्या घरात भीतीला मज्जाव होता. माझ्या वडिलांना सगळं गाव नाना म्हणतं. ते शिंपी, पण त्यांच्या शिलाई मशीनखाली चिंध्या कमी आणि पत्रकांचे गठ्ठे जास्त. भूत नाही. भानामती हे माणसाचंच काम. उतारा ओलांडून कुणी मरत नाही. मजकूर नाना लिहायचे, झरीच्या बाजारात वाटायचे आणि शिव्या खाऊन घरी यायचे. मी वाचायला शिकले ती या पत्रकांवर. पाटीवर 'कमळ' गिरवायच्या आधी मला 'भिऊ नका' वाचता येत होतं.

अशा घरातली मी, आणि आज माझा धंदा असा आहे की त्यात दिवसभर भ्यायचं असतं.

मी घरी अंडी उबवते. झरीच्या रस्त्यावरून आत वळलं की आमचं गाव. आमच्या मधल्या खोलीत एका मोडक्या फ्रिजचं खोकं आहे. त्यात दोन बल्ब, एक लहान पंखा, पाण्याचा वाडगा आणि ऊब मोजून बल्ब चालू-बंद करणारा थर्मोस्टॅट. लोकांनी आणलेली गावरान अंडी मी त्यात ठेवते आणि तीन आठवड्यांनी पिल्लं परत देते. वाचून, विचारून आणि बरीच अंडी वाया घालवून हे शिकले. शिक्षण झालं होतं, नोकरी लागत नव्हती आणि कुणाच्या पाया पडणं आमच्या पत्रकात बसत नव्हतं.

पूर्वी हे काम कोंबडी करायची, अजूनही करते. अंडी घालणं थांबवून एका जागी फुगून बसते ती खुडूक कोंबडी. तिला अंड्यांवर बसवायचं. पण ती मनात आलं तर खुडूक होते, मनात नसेल तर नाही. यंत्राला मन नाही म्हणून लोक माझ्याकडे येतात. त्यांना वाटतं यात काही करायचंच नसतं, दार लावलं की झालं. कोंबडी मात्र बसल्या बसल्या सारखी चोचीनं अंडी फिरवत असते. का, तर न फिरवलेलं पिल्लू कवचाला चिकटून मरतं. ते फिरवणं माझ्या हातानं होतं. आठवडाभरानं अंधारात अंड्याला बॅटरी लावायची. आत कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल शिरा दिसल्या की जीव धरला. नुसता पिवळा उजेड दिसला तर काही नाही. आणि शेवटचे तीन दिवस दार उघडायचं नाही, आत काहीही आवाज येवोत. हे शेवटचं सगळ्यात कठीण.

गिऱ्हाइकांचे नमुने खूप. एक गुरुजी परभणीहून दुकानातली पांढरीधोप अंडी घेऊन आले. मी म्हटलं, "गुरुजी, या कोंबड्यांनी जन्मात कोंबडा बघितलेला नाही. यातून पिल्लू निघत नसतं."

"मग अंडं कसं दिलं त्यांनी?"

मी समजावून सांगितलं. ते भिंतीकडे बघत राहिले. त्यांनीच आम्हाला विज्ञान शिकवलं होतं. तो धडा मात्र 'घरी वाचा' म्हणून सोडला होता.

दुसरे आमच्याच गल्लीतले बळीरामकाका. दर वेळी एकच हट्ट. "वैशे, मला समद्या तलंगाच काढून दे. कोंबडे लय निघतेत तुझ्या मशीनीत."

"काका, यंत्र नुसती ऊब देतं. पोरगा का पोरगी, ते आधीच ठरलेलं असतं. आणि कोंबडीला पोरी पाहिजेत, सुनेला मात्र पोरगाच पाहिजे, हे कसं हो?"

"तुझ्या तोंडाला लागायचं म्हंजे इंगळाला हात लावायचा," असं म्हणून ते हसायचे आणि पुढच्या वेळी पुन्हा तेच मागायचे.

हसण्यावारी नेता येतं ते एवढंच, बाकी सगळी भीती. वीज गेली की पंखा थांबतो आणि घरात जी शांतता पसरते ती मला मोठ्या आवाजासारखी ऐकू येते. जुना इन्व्हर्टर किती टिकेल याचा भरवसा नाही. उन्हाळ्यात उलटं. आमच्याकडच्या मे महिन्यात खोलीच अंड्याला हवी त्याहून जास्त तापते. बल्ब विझलेले असतात, तरी आतला आकडा चढत राहतो. थंडीत पिल्लू काही वेळ तग धरतं. तापलं की गेलं. मी ओलं गोणपाट घेऊन खोक्याभोवती फिरते आणि नाना दारात उभे राहून म्हणतात, "काय गं, इतकं काय भ्यायचं?"

काय भ्यायचं ते त्या वर्षी होळीच्या आगेमागे कळलं.

शिवेपलीकडच्या गावात मानमोडी आली. कोंबड्यांचा हा रोग आमच्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे. पक्षी गुंगल्यासारखा बसतो, हिरवं हगतो, मग मान पिळल्यासारखी वाकडी होते. तो उलटा उलटा चालतो, दाणा टिपायला जातो आणि चोच भलतीकडे पडते. एकाला झाला की डालगंच्या डालगं रिकामं होतं. यावर लस आहे. पलीकडच्या गावानं लसीऐवजी उतारा केला. एका काळ्या कोंबडीच्या डोक्यावर कुंकू टाकलं, पायाला लाल दोरा बांधला आणि तिला आमच्या शिवेवरच्या बाभळीखाली सोडून दिलं. रोग कोंबडीवर बसून गावाबाहेर जावा, अशी त्यामागची समजूत. बाहेर म्हणजे कुठं, तर शेजारच्या गावात. असल्या कोंबडीला कुणी हात लावत नाही. तिकडून येणारी बाई पदर सावरून लांबनं जाते.

कौसामावशी लांबनं गेली नाही.

गावाच्या कडेला, शेताच्या वाटेवर एकटी राहणारी, कापूस वेचायला जाणारी ही बाई माझी पहिली गिऱ्हाईक. तिच्या कोंबड्या गावात वेगळ्या ओळखू येत. त्यांच्या मानेवर पिसंच नसत, छातीपासून डोक्यापर्यंत लालबुंद उघडी मान. लग्न होऊन आली तेव्हा आईनं डालग्यात घालून दिलेल्या जोडीची ती पैदास. पुढं आई गेली, भावांनी घर विकलं आणि नांदेडकडे निघून गेले. मावशी म्हणायची, "मला म्हायेर नको का? हे काय, अंगणात हिंडायलंय."

त्या सकाळी ती काळी कोंबडी काखेत धरूनच आमच्या अंगणात आली.

"नाना! ओ नाना! भाइर या. बगा काय आनलंय शिवेवरून!"

कोंबडीच्या डोक्यावर कुंकू तसंच होतं. गल्लीतल्या दोन बाया दारातून आत पळाल्या.

"भ्याली न्हाईस?" नाना म्हणाले.

"कशाला भिऊ? तुमच्याच कागदात हाय की. नारळ म्हंजे नारळ, लिंबू म्हंजे लिंबू, कोंबडी म्हंजे कोंबडी. फुकटची कोंबडी कुनी सोडावी?"

नानांचा चेहरा इतका उजळलेला मी क्वचित पाहिला आहे. एवढी वर्षं शिव्या खाल्ल्या, त्याचं फळ काखेत कोंबडी घेऊन दारात उभं होतं. "वाघीण हायेस कौसे," ते म्हणाले. मी चहा टाकला. मी तर पुढच्या पत्रकाचा मथळाही मनात जुळवत होते. तेवढ्यात काळी कोंबडी सुटली आणि आमच्या अंगणात तांदळाचे दाणे टिपू लागली. तिचं डोकं थोडं खाली होतं. थकली असेल, असं मला वाटलं.

मावशी तिला पकडून घरी घेऊन गेली. आठवडाही झाला नाही तोच ती कोंबडी मेली. मग मावशीचा कोंबडा बसला. मग एकेक उघडी मान वाकडी होत गेली. मी लांब रस्त्यावरून पाहिलं. पिसं नसल्यानं मानेतला पीळ न पीळ दिसत होता. मावशी अंगणात बसून एकेकीची मान दोन्ही हातांनी सरळ करत होती. सोडली की ती परत फिरत होती.

त्या वेळी माझ्या यंत्रात तिची अंडी होती. काळी कोंबडी यायच्या आधी तिनं आणून दिलेली. त्याच खोक्यात, त्याच पंख्याच्या हवेत, गल्लीतल्या चार घरांची अंडीही होती.

दुसऱ्या दिवशी मावशी पदराखाली टोपली घेऊन आली. मी तिला पायरीच्या खालीच थांबवलं. आयुष्यात पहिल्यांदा.

"काल-परवाची हायेत," ती म्हणाली. "कोंबड्या गेल्या, पर अंडी चांगली हायेत बग. ही बी लाव."

"मावशी, ही नाही घेता येत. आजारी कोंबडीच्या अंड्यातून रोग येतो. कवचावरूनही येतो. माझ्या खोक्यात सगळ्यांची अंडी आहेत."

"भ्यालीस?"

"हो."

"कागदात भिऊ नका म्हनलं व्हतं."

"उताऱ्याला भिऊ नका म्हटलं होतं मावशी. मानमोडीला नव्हे."

ती शांतपणे म्हणाली, "मला काय ठावं, दोन्ही एकाच कोंबडीवर बसून येतेत म्हनून?"

आमच्या गावानं भलत्या कारणासाठी त्या कोंबडीला हात लावला नाही, आणि गाव वाचलं. तिनं बरोबर कारणासाठी उचलली, आणि ती बुडाली. आम्ही उभ्या गावाला सांगत आलो की उताऱ्यात काही नसतं. त्यात कोंबडी असते, आणि कोंबडीत काय असेल हे त्या कागदात नव्हतं. नाना आत मशीनवर बसलेले होते. त्यांची पायटी थांबल्याचं मला ऐकू आलं.

मावशीनं ती टोपली घरी नेली आणि मी सांगितलं तसा खोल खड्डा करून चुन्यात पुरली. म्हणजे तिच्या माहेरचं आता जगात जे काही उरलं होतं, ते माझ्या फ्रिजमध्ये होतं.

मी जनावरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांना फोन केला. त्यांनी नीट ऐकून घेतलं. गावातल्या चांगल्या कोंबड्यांना लगेच लस टोचायला हवी म्हणाले, आणि आलेही. अंड्यांबद्दल म्हणाले, "आजारी पक्षी घरात यायच्या आधीची असतील तर बहुधा काही नाही. पण आत मेलेलं एखादं कुजून फुटलं, तर बाकीच्यांवर उडेल. लक्ष ठेवा."

'बहुधा.' मी या शब्दाला किती भ्याले ते सांगता येणार नाही. पलीकडच्या गावातले पाय, चपला, पाखरं आधीच येऊन गेली नसतील कशावरून? आणि ती काळी कोंबडी आमच्याच अंगणात हिंडून गेली होती. त्या अंगणातून मी रोज यंत्राकडे जात होते. माझी स्वतःची पावलं मला परकी वाटू लागली. मी चपला बदलल्या, हात लालसर औषधाच्या पाण्यात धुतले, पुन्हा धुतले.

संध्याकाळी बळीरामकाका आणि तीन बाया दारात आल्या. या वेळी ते हसले नाहीत.

"वैशे, कौसाबाईची अंडी काढ भाइर. फेक उकिरड्यावर."

"का म्हणून?"

"का म्हनून काय इचारतीस? उतारा शिरलाय तिच्या घरात. आमची अंडी तिच्या अंड्याशेजारी ठिवलीस तू."

उतारा म्हटल्यावर माझी जीभ सुटली. अडाणीपणा, एकट्या बाईला वाळीत टाकायची रीत, सगळं काढलं. काका म्हणाले, "बरं, उतारा न्हाई. रोग म्हन. त्या अंड्यात रोग न्हाई, आसं इमानानं सांगतीस का? सांग, आमी माघारी जातो."

इमानानं सांगता येत नव्हतं. त्यांची भीती चुकीच्या दारानं आली होती, पण येऊन बसली होती नेमक्या जागी. आणि अंडी फेकावीत, हेही माझ्यानं होत नव्हतं. आत शिरा धरल्या होत्या. आदल्याच दिवशी बॅटरीच्या उजेडात मी आतली पिल्लं हलताना पाहिली होती.

"फेकू नका," आतून नाना म्हणाले. ते बाहेर आले, गळ्यात मापाची फीत तशीच. "तिची अंडी मी सांभाळतो. येगळ्या खोलीत. ही पोरगी माझ्याकडं येनार न्हाई, मी हिच्याकडं जानार न्हाई. मंग तर झालं?"

"तुमाला जमंल का नाना?" काका म्हणाले.

"न जमून सांगतो कुनाला? माझाच कागद वाचून उचलली तिनं."

अंगणाच्या त्या टोकाला आमची जळणाची खोली आहे. नानांनी ती रिकामी केली. दवाखान्यात औषधं येतात तसलं थर्माकोलचं खोकं मिळवलं, कापडाच्या मोठ्या कात्रीनं त्याला खिडकी कापली आणि काचेचा तुकडा बसवला. मी माझ्याकडचा जादा थर्मोस्टॅट दिला. अंडी उबदार फडक्यात गुंडाळून मी अंगणाच्या मधोमध ठेवली, मागं सरले आणि मग ती नानांनी उचलली. फिरवताना चूक होऊ नये म्हणून त्यांनी प्रत्येक अंड्यावर शिंप्याच्या खडूनं एका बाजूला फुली आणि दुसऱ्या बाजूला गोळा काढला. सकाळी सगळ्या फुल्या वर, दुपारी सगळे गोळे वर.

मग आमचं ते विचित्र राहणं सुरू झालं. नानांचं ताट मी अंगणात ठेवायची. त्यांच्या चपला वेगळ्या, पाण्याचा रांजण वेगळा. गल्ली हसायची, "बापलेकीचं भांडान झालंय जनू." आम्ही अंगणाच्या दोन टोकांवरून ओरडून बोलायचो.

"आकडा किती, नाना?"

"बरोबर हाय. तू तुझं बग."

दोनच दिवसांत एक अंडं काळवंडलं. नाना ते काचेजवळ धरून मला लांबून दाखवत होते. लांबून काय दिसणार? शिरा दिसत नाहीत म्हणाले. पिल्लं अशीही मरतात, कुठल्याही खेपेला दोन-चार मरतात. पण हे रोगानं मेलं की सहज मेलं, ते कवचावर लिहिलेलं नसतं. त्यांनी ते पिशवीत बांधून पुरलं. मी माझ्या खोलीत जाऊन चार घरांची अंडी एकेक करून वास घेत तपासली. काही नव्हतं. काही नाही म्हणून तर भीती जाईना.

आणि मग दुपारी वीज गेली ती परत येईचना. माझ्याकडे इन्व्हर्टर होता, नानांच्या खोक्याला काहीच नव्हतं. मी चुलीवर पाणी तापवून बाटल्यांत भरायची, अंगणाच्या मधोमध ठेवायची. ते बाटल्या अंड्यांभोवती लावायचे, गार झाल्या की परत मध्ये आणून ठेवायचे. ऊन उतरलं, वारा सुटला. एका खेपेला ते बाटली घ्यायला आले आणि घेतलीच नाही, उभे राहिले.

"वैशू."

"काय झालं? आकडा उतरला?"

"न्हाई. आकडा हाय." मग म्हणाले, "भ्याव वाटायलंय गं."

माझ्या आठवणीत हा माणूस लोकांच्या घोळक्यात एकटा उभा राहिलेला आहे. लोकांनी अंगावर पत्रकं फाडून टाकली तेव्हा तुकडे गोळा करत हसलेला आहे. त्याच्या तोंडून हे वाक्य मी कधी ऐकलं नव्हतं. मला जवळ जाता येत नव्हतं. मी म्हटलं, "मलाही वाटतंय. बाटली घ्या, गार होईल." त्यांनी घेतली. थोड्या वेळानं वीज आली.

माझ्या खोक्यातली पिल्लं आधी निघाली. पिवळी, काळी, ठिपक्यांची, धडधाकट. तरी मी ती लगेच दिली नाहीत, लस टोचून काही दिवस ठेवून घेतली. काका रोज दारातून विचारून जायचे आणि आत यायला तयार नसायचे. त्या भीतीबद्दल मी त्यांना काही बोलले नाही.

नानांच्या खोलीतून आवाज नव्हता. दार उघडायचं नसतं ते दिवस सुरू झाले होते. नाना काचेला डोळा लावून बसलेले. मी अंगणातून विचारायची, "टोच?" ते मान हलवायचे. दुसऱ्या दिवशी मी विचारणं सोडलं.

कौसामावशीला निरोप कुणी दिला कोण जाणे. सकाळी ती गल्लीच्या तोंडाशी उभी दिसली. मी हाक मारली, पण ती पुढं आली नाही. शिवेवरची कोंबडी काखेत धरून येणारी बाई, चपला हातात घेऊन अनवाणी रस्त्याकडेला उभी होती.

"येत न्हाई मी तिकडं," ती ओरडली. "माझ्या पायाला, लुगड्याला काय आसंल, काय ठावं! हितूनच ऐकते."

ती तिथंच उभी राहिली. ऊन वर आलं. नानांनी हात वर केला. कवच तडकलं होतं. एक, मग दुसरं. पिल्लं ओली, थकलेली, एकमेकांवर पडत बाहेर आली. थोडीच निघाली, बाकीची अंडी तशीच राहिली. नानांनी पिल्लं वाळू दिली. मग एक ओंजळीत घेऊन ते खोलीच्या उंबऱ्यात आले.

"निघाली का ओ नाना?" गल्लीच्या तोंडावरून आवाज आला.

"निघाली!"

"मान कशी हाय? उघडी हाय का?"

नानांनी पिल्लू उन्हात धरलं. "उघडी हाय कौसे! पार उघडी!"

पुढचा प्रश्न मावशीनं इतक्या हळू विचारला की मला तो मधे उभं राहून नानांना पोचवावा लागला.

"सरळ हाय का म्हणून विचारतीय."

नानांनी ओंजळ डोळ्यांजवळ नेली. पिल्लू डुगडुगत उभं राहिलं, पडलं, पुन्हा उभं राहिलं. त्याची ती बोटाएवढी लाल मान एकदा इकडं झुकली, आणि आम्ही तिघांनीही, तीन ठिकाणी, श्वास धरला. मग पिल्लानं मान उचलली आणि नानांच्या अंगठ्यावर टोच मारली. नेमकी अंगठ्यावर.

"सरळ हाय," नाना म्हणाले. "आज सरळ हाय."

मावशी होती तिथंच मातीत खाली बसली.

ती पिल्लं वाढेपर्यंत नानांकडेच राहिली. मावशीचं अंगण चुना मारून कितीतरी दिवस रिकामं पडून होतं. आज तिच्याकडं पुन्हा उघड्या माना हिंडतात. नानांनी पत्रक नव्यानं छापून घेतलं नाही. जुनाच गठ्ठा काढला आणि शिंप्याच्या खडूनं नाही, शाईनं, एकेका कागदावर खाली एक ओळ लिहायला घेतली: 'शिवेवरची कोंबडी घरी आणू नका, ती आजारी असू शकते.' वरची 'भिऊ नका' ही ओळ त्यांनी खोडली नाही. मीही खोडू दिली नसती.

पण सकाळी दार उघडून मी अंगणात येते तेव्हा गिऱ्हाइकांसाठी ठेवलेली पिल्लं मोजत नाही, दाणा टाकत नाही. आधी माना बघते.